आत्तंगुडीच्या लाद्या, डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये

आधीच सांगून टाकते, स्वयंपाकघरात या हाताने केलेल्या सिमेंटच्या आत्तंगुडी लाद्या लावू नका. हॉलमध्ये लावा, पॅसेजमध्ये लावा, देवघरापुढे तर जरूर लावा, पण ओट्याखाली नकोत. कारण आमसूल. सोलकढीची वाटी कलंडली आणि दोन मिनिटं कोणाचं लक्ष गेलं नाही, तर तेवढ्या जागेची चकाकी जाते. डाग धुतला जातो, पण खालचा भाग कायमचा मुका होतो. चिंच, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यांचं तेच. सिमेंटमधल्या चुन्याला आंबट चालत नाही, त्यावर उपाय नाही. आमच्याकडे दिवसाआड आमटीत आमसूल पडतं, त्यामुळे स्वयंपाकघरात मी साधी मॅट व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत कडक भाजलेली, बिनचकाकीची लादी घेतली आणि रात्री शांत झोपते.

हॉलमध्ये मात्र आत्तंगुडी आहे, आणि तिला मी मनापासून चांगलं म्हणते. कोणासाठी चांगलं, ते पुढे येईलच.

आत्तंगुडी हे तमिळनाडूतलं गाव, शिवगंगा जिल्ह्यात, कारैकुडीजवळ. हा सगळा चेट्टिनाडचा पट्टा. ब्रह्मदेश, मलाया, सिलोनमध्ये सावकारी आणि व्यापार करून नाट्टुकोट्टै चेट्टियारांनी इथे वाडे बांधले, त्यात ब्रह्मदेशचं सागवान आणलं, इटलीचा संगमरवर आणला आणि जमिनीला गावातल्या लाद्या घातल्या. आम्ही रामेश्वरच्या सहलीला निघालो होतो, तिरुचिरापल्लीहून जाताना कारैकुडी वाटेतच लागतं. यांना चेट्टिनाडचं जेवण हवं होतं, मला वाडे. एका वाड्याच्या ओसरीवर चप्पल काढून उभी राहिले आणि घरातल्या हॉलचा जो काही विचार मनात होता तो तिथेच मोडला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तळपायाला गार लागत होतं.

गावातले कारखाने म्हणजे पत्र्याच्या शेड. कोणी अडवत नाही, बघू देतात. कारागीर उकिडवा बसलेला, पुढ्यात चौकोनी काच. काचेवर लोखंडी चौकट, चौकटीत पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी. त्या जाळीच्या कप्प्यांमधून तो पळीने रंगीत सिमेंटची पातळ खळ ओततो. या कप्प्यात लाल, त्यात पिवळा, कडेला काळा. मोजमाप काही नाही, हात चालतो तसा. मग जाळी अलगद वर उचलतो. इथे माझा श्वास अडकला, कारण मला वाटलं आता सगळे रंग एकमेकांत जाणार. नाही गेले. वरून कोरडं सिमेंट-रेतीचं मिश्रण भुरभुरवतो, ते पाणी शोषून घेतं, मग ओला माल भरून थापीने सपाट करतो. म्हणजे लादी पालथी तयार होते, नक्षी तळाशी काचेला चिकटलेली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या हौदात. भट्टी नाही, यंत्राचा दाब नाही. सुकल्यावर काच सुटते आणि लादीला जी गुळगुळीत चकाकी येते ती काचेची दिलेली. रेती तिथलीच, त्या भागातली.

मुंबईत कोणी बघितलं की हमखास विचारतात, "मिंटन का?" मिंटन वेगळी. ती इंग्लंडहून येणारी मातीची, भट्टीत भाजलेली लादी. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पायाखाली आहे ती. जुन्या मुंबईतल्या घरांत दिसणाऱ्या सिमेंटच्या नक्षीदार लाद्या अजून तिसऱ्या, त्या यंत्रावर दाबून केलेल्या. १९२२ साली स्वदेशीच्या भरात सुरू झालेली भारत टाइल्स हे त्यातलं आपल्याकडचं मोठं नाव, आणि ते लोक आजही लाद्या बनवतात. त्या जास्त घट्ट, जास्त काटेकोर. वडाळ्याच्या आमच्या मामाकडे गॅलरीत होत्या, त्यामुळे त्याही मनात होत्या. मग आत्तंगुडी का? मला ती थोडी वाकडी रेघ हवी होती, एवढंच. हा आवडीचा प्रश्न आहे, दर्जाचा नाही. काटेकोर काम हवं असेल तर दाबाची लादी घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

आता पैशाचं. गावात लादी स्वस्त वाटते आणि माणूस हुरळतो. पण लादी जड असते, पाऊण ते एक इंच जाडीची. आपल्या नेहमीच्या व्हिट्रिफाइडच्या दुप्पट तर सहज. गवतात बांधून ट्रकने येते आणि वाटेत कोपरे उडतात. भाडं, हमाली, फूट आणि बसवणी धरली तर आमचा हिशेब चांगल्या प्रतीच्या व्हिट्रिफाइडच्या बरोबरीला गेला. स्वस्तात पडेल म्हणून घेणार असाल तर नको.

आणि बसवणी. हा सगळ्या प्रकरणातला खरा भाग, आणि दुकानदार याबद्दल अवाक्षर काढत नाही.

पहिलं, जाडी. जुन्या लादीवर ही लादी चढवता येणार नाही. चढवली तर दरवाजे खालून कापावे लागतील, बाल्कनीचा उंबरठा बुडेल आणि स्लॅबवर उगाच वजन. जुनी लादी उखडावी लागते. म्हणजे सोसायटीची परवानगी, लिफ्टचा वाद, डेब्रिजच्या गोण्या आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना रोज संध्याकाळी तोंड देणं. इमारत जुनी असेल तर आधी इंजिनियरला विचारा.

दुसरं, मिस्त्री. आमच्या कंत्राटदाराने "सिमेंट टाइलवाला स्पेशल माणूस आणतो" म्हणून सांगितलं आणि आणला संगमरवर बसवणारा. माणूस हाताने चांगला होता, पण डोक्यात संगमरवर. पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, बसवून झालं की घासायचं मशिन मारू, सगळं एका लेव्हलला येईल." मी म्हटलं, "दादा, रंगाचा थर वरवर काही मिलिमीटरचा आहे, मशिन मारलंत तर खालचं राखाडी सिमेंट दिसेल." त्याने लादी उलटी करून बघितली, कडेने नखाने खरवडली आणि मान हलवली. मग दोन दिवसांनी सांध्यांवर पांढऱ्या सिमेंटचे ओघळ सुकले, तेव्हा ॲसिडची बाटली घेऊन आला. "ॲसिडशिवाय लादी उजळत नाही." मी बाटली सरळ उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. कोणत्याही लादीवर शेवटी ॲसिड मारायचंच, ही आपल्याकडच्या मिस्त्रींची श्रद्धा आहे आणि या लादीचा त्याइतका मोठा शत्रू दुसरा नाही. तुमच्याकडे काम चालू असताना घरातलं कोणीतरी तिथे असायलाच हवं. ओघळ ओल्या फडक्याने लगेच पुसायचे, सुकू द्यायचेच नाहीत.

लाद्या सगळ्या एका मापाच्या नसतात. ही हाताची लादी, केसभर इकडे तिकडे असणारच. त्यामुळे दोरी आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून, आधी कोरड्याच मांडून बघायच्या. आम्ही सगळा हॉल कोरडा मांडला होता. मिस्त्री वैतागला, पण त्यातच कळलं की काही लाद्यांचा हिरवा जरा गडद आहे. त्या सोफ्याखाली जातील अशा फिरवून घेतल्या. ज्याला ही खटपट नको, त्याने ही लादी घेऊ नये.

पहिला पावसाळा जरा घाबरवणारा गेला. बाल्कनीच्या बाजूला सांध्यांतून पांढरी बुकटी वर यायला लागली. लोणा. खालचा माल ओला असतो, ती ओल वर येताना क्षार घेऊन येते. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या आचऱ्याच्या घरात कोब्याला असंच यायचं, पुसत राहायचं." यांनी लगेच केमिकलवाल्याला फोन लावायचा म्हटलं. सासूबाईंचं ऐकलं. कोरड्या फडक्याने झाडायचं, मग साध्या पाण्याने पुसायचं. पुढे कमी होत गेलं आणि आता नाही. वरून सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा लेप, मारून टाकला असता तर ती ओल खालीच कोंडली असती, त्यामुळे घाई केली नाही तेच बरं.

देखभाल म्हणाल तर रोज पुसणं. एवढंच, पण रोज. चेट्टिनाडच्या वाड्यांतल्या लाद्या चमकतात त्या पिढ्यान्‌पिढ्या पाय फिरल्यामुळे आणि फडका फिरल्यामुळे. सुरुवातीला खोबरेल तेलाचा बोळा फिरवतात, तिकडे तशी पद्धतच आहे. आम्हीही फिरवला. दोन-तीन दिवस हॉल घसरगुंडी झाला होता आणि नातवाला मोज्यांवर फिरायला बंदी होती. नंतर तेल आत मुरतं आणि लाल रंग असा खुलतो की आधीचा फोटो बघून विश्वास बसत नाही. पुसायला येणाऱ्या मावशींना एकच गोष्ट दहादा सांगावी लागली, की संडासचं ॲसिडवालं क्लीनर या बादलीत नको. आता त्याच दुसऱ्यांना सांगतात, "ताईंच्या लादीला फक्त पाणी."

सजावटीबद्दल थोडं. पिंटरेस्टवर जे हॉल दिसतात त्यात पाचशे चौरस फुटांची मोकळी जमीन असते आणि एक वेताची खुर्ची. डोंबिवलीच्या हॉलमध्ये सोफा, टीव्हीचं युनिट, शूरॅक, घडीची डायनिंग टेबल आणि सायकल. सगळीकडे नक्षी घातली असती तर डोळ्यांना चक्कर आली असती. म्हणून आम्ही मध्ये नक्षीचा चौकोन, भोवती काठ आणि भिंतीकडे साधी लाल लादी असं केलं. जाजम अंथरल्यासारखं. आमची डिझायनर, यांच्या भावाची मुलगी, तिने बरोबर एक सांगितलं. ती म्हणाली, "काकू, जमीन बोलतेय ना, मग भिंतीने गप्प बसायचं." भिंती मोतिया रंगाच्या ठेवल्या, पडदे साधे खादीचे, आणि फॉल्स सीलिंगला मी नाही म्हटलं. त्या पैशात आजोबांचा सागवानी झोपाळा पॉलिश करून घेतला. रंग निवडताना तीनच घ्या. लाल, पिवळा, हिरवा एकत्र आले की तेच भरपूर होतात, वर निळा घातला तर लग्नाचा मांडव.

माझी आवडती लादी बाल्कनीच्या दारापाशी आहे. तिथे पाकळीचा पिवळा हिरव्यात किंचित उतरलाय, जाळी उचलताना कारागिराचा हात हलला असावा. मिस्त्रीने ती बाजूला काढली होती, "डिफेक्ट पीस" म्हणून. मी सांगून मुद्दाम दारात बसवून घेतली.

आता बाजारात याच नक्षीची छापील सिरॅमिक लादी मिळते. अर्ध्या वजनाची, आमसुलाला न घाबरणारी, कोणीही मिस्त्री बसवेल अशी. ती वाईट नाही. भाड्याने द्यायचा फ्लॅट असेल, घरात कोणी दिवसभर नसेल, किंवा बाथरूम करायचं असेल, तर तीच घ्या. फक्त नीट बघा, पाच-सहा लाद्यांनंतर तीच नक्षी, तोच 'हाताने केल्यासारखा' डाग पुन्हा पुन्हा येतो. एकदा दिसला की मग दिसतच राहतो.

आत्तंगुडी त्यांच्यासाठी, ज्यांच्या घरात रोज फडका फिरतो, ज्यांना काम चालू असताना आठवडाभर घरी थांबता येतं आणि सांधा जरा वाकडा आला तर ज्यांची झोप उडत नाही. माझ्या बहिणीला मी घेऊ दिली नाही. तिच्याकडे दोन कुत्रे आणि नवऱ्याचं लोणच्याचं वेड.

ऑर्डर देणार असाल तर हिशेबापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त मागवा आणि सगळ्या एकाच वेळी. नंतर चार लाद्या मागवल्यात तर तो लाल परत मिळणार नाही, प्रत्येक खेपेला रंग थोडा बदलतो. उरलेल्या आमच्या दिवाणाखाली उभ्या ठेवल्यात, आडव्या नाही, आडव्या ठेवल्या की खालच्या फुटतात. दोन लाद्या कुंडीखाली वापरायला शेजारी मागून गेले, दिल्या नाहीत.