देवास नाक्याचं पार्सल काउंटर: काटा चोख, टेप सैल

गाडीला अलॉय (मिश्रधातूची चाकं) बसवले की कंपनीच्या चार स्टील डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढतो ती पोलादी चाकं, घरात अडगळ होऊन पडतात. त्या पुण्या-नागपूरला पाठवायच्या म्हटलं की इंदूरकर देवास नाक्याची वाट धरतो. तिथल्या एका ट्रान्सपोर्टच्या पार्सल काउंटरबद्दल हे मत. नाव देत नाही, कारण यातलं बरंच शेजारच्या काउंटरांनाही लागू पडेल. इथे वजनात खोट नाही, खोट आहे ती मापात. आणि भाडं लागतं ते प्रत्यक्ष वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांतल्या मोठ्या आकड्यावर.

काट्याला पैकीच्या पैकी गुण. इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा आहे, आकडा गिऱ्हाइकाकडे तोंड करून दिसतो आणि यंदाच्या मुद्रांकनाचा, म्हणजे काट्याच्या सरकारी तपासणीचा, दाखला भिंतीवर लावलेला आहे. (या काट्यांचं मुद्रांकन दर वर्षी करावं लागतं, तारीख बघून घ्यावी.) तरी घरून अंदाज घेऊन गेलेलं बरं. हॅचबॅकच्या नुसत्या स्टील डिस्कसाठी सोपा ठोकताळा: रिमच्या (डिस्कच्या व्यासाच्या) इंचांतून ७ वजा करा, उरतील तेवढे किलो. १२ इंची आल्टोची ५ किलोच्या आसपास, १४ इंची स्विफ्टची ७ च्या आसपास. बोलेरोसारख्या गाडीला वर दोनेक किलो धरा. एकाच इंचाच्या दोन डिस्कमध्येही किलोभराचा फरक पडतो, कारण जास्त भार घेणाऱ्या गाडीच्या डिस्कचा पत्रा जाड असतो.

ठोकताळ्यावर विश्वास नसेल तर पत्र्याचा हिशेब करा. १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. १४ इंची डिस्कची बाहेरची कड उलगडली तर साधारण १०७ सेंमी लांब, २० सेंमी रुंद पट्टी होते, जाडी २.३ मिमी धरली तर ३.९ किलो. मधली थाळी ३६ सेंमी व्यासाची, ३.५ मिमी जाड: भोकं वजा जाता अडीच किलो. वेल्डिंग आणि रंग धरून साडेसहाच्या वर. बाथरूमच्या काट्यावर तोलायचं तर एकेक डिस्क तोलू नका. दोन हातांत दोन डिस्क घेऊन उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. चाकाचा तोल साधायला लावलेली बॅलन्सिंगची शिसं आणि आतला वाळलेला चिखल आधी काढा, चिखलच कधी कधी पाव किलो निघतो.

आता मापाकडे. इथे घनफुटाला ८ किलो धरतात. कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, तो हिशेब घनफुटाला ५.६६ किलोच पडतो. म्हणजे ट्रान्सपोर्टचा आकार-हिशेब जास्त कडक आहे. चार नुसत्या डिस्क एकावर एक ठेवल्या तर १६ × १६ × २४ इंच, म्हणजे ३.५६ घनफूट, म्हणजे २८ किलो. प्रत्यक्ष वजनही २८. इथवर सगळं ठीक. पण गोणपाट गुंडाळून सुतळीच्या गाठीवरून टेप धरला की तेच १७ × १७ × २६ होतं आणि बिलावर ३५ किलो चढतात. पाचव्या डिस्कचं भाडं फुकट गेलं म्हणायचं! गोल वस्तूला चौकोनात मोजल्यावर कोपऱ्यांतली २१ टक्के हवा आधीच आपल्या माथी असते. त्यावर काही बोललं की उत्तर ठरलेलं: 'भिया, माल तो चौकोर ही नपेगा.' ते मान्य, पण गाठीवरून नको. टेप आपण धरावा आणि दुसरं टोक त्यांच्या हाती द्यावं.

टायरसकट पाठवायचं असेल तर मात्र हे काउंटर टाळावं. १६५/८० आर १४ या मापाचे (१४ इंची डिस्कचे) चार टायर चढवलेले असले की वजन ५६ किलोच्या आसपास, घासलेले असतील तर त्याहून कमी. पण आकार २५ × २५ × २७ इंच, म्हणजे जवळपास ७८ किलो. पंक्चरवाल्याकडून टायर उतरवून घेणं स्वस्त पडतं.

बांधणी त्यांच्याकडून करून घेऊ नये, ते नुसतं गोणपाट ओढतात. दोन डिस्कमध्ये पुठ्ठा घाला, कडेला जुन्या सायकल ट्यूबची पट्टी लावा आणि पट्टा मधल्या भोकातून ओढून घट्ट आवळा. ट्यूब फार जाड नको, नाहीतर पुन्हा इंच वाढतो. बिल्टीवर (माल पाठवल्याच्या पावतीवर) 'जुन्या स्टील डिस्क, ४ नग, १ बंडल' असं पूर्ण लिहून घ्या. नुसतं '१ नग' लिहिलं आणि वाटेत बंडल सुटलं तर भांडायला कागद राहत नाही. हमाली आणि बिल्टीचे पैसे वेगळे लागतात, ते दरपत्रकावर लिहिलेले आहेत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

माल घेणाऱ्याला फोनवर एवढं सांगून ठेवा: पोचेवर सही करण्याआधी प्रत्येक डिस्क सपाट फरशीवर दोन्ही बाजूंनी ठेवून बघायची. डगमगली तर कड वाकलीय, आणि तो शेरा सहीच्या वरच लिहायचा.