‘साइट फुकट’ म्हणणाऱ्या कॅम्पग्राउंडचा हिशेब

आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरात, कायम राहणाऱ्यांसाठी निघणाऱ्या हंगामी कामाच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास असतं: वीज-पाणी-ड्रेनेजच्या जोडणीसह साइट (कॅम्पग्राउंडवर आरव्ही लावायची जागा) फुकट, शिवाय सीझनच्या शेवटी बोनस. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये याच वाक्याच्या जोरावर आम्हा नवरा-बायकोला एका मालकाने अख्खा उन्हाळा राबवून घेतलं. निवृत्तीनंतर अमेरिकाभर फिरायचं म्हणून मोटरहोम नाहीतर फिफ्थ व्हील (पिकअप ट्रकमागे ओढायचं घर) घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींनी हे जरा सावकाश वाचावं.

फोनवर ठरलं होतं ते असं. साइटच्या बदल्यात दोघांचे मिळून आठवड्याला २४ तास, त्यापुढचा प्रत्येक तास पगारी. साइटची किंमत महिना ९०० डॉलर धरलेली, म्हणजे तासाला साडेआठच्या थोडं वर पडत होते. लेखी मागितलं तर मालकीणबाई गोड हसून म्हणाल्या, “अहो, इथे सगळे घरच्यासारखे राहतात. या तर आधी, कागद करू मग.” गाडी लावली, जॅक टेकवले, सांडपाण्याचा पाइप जोडला आणि मग कागद आला. त्यात ‘दोघांचे २४’ जाऊन ‘प्रत्येकी २०’ झाले होते. तेच ९०० डॉलर आता तासाला सव्वापाचच्या आत आले. हंगाम तोंडावर, आसपासच्या नोकऱ्या भरलेल्या, डिझेल जाळून झालेलं. हे सगळं त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं.

कामाबद्दल तक्रार नाही. संडास-बाथरूम धुतले, गवत कापलं, शेकोट्यांची लोखंडी कडी रोज सकाळी उपसली. रात्रीच्या पावसाने राखेचा चिखल झालेला असायचा. त्यात चेपलेले बिअरचे डबे आणि वितळून चिकटलेला मार्शमेलो. ऑगस्टमध्ये स्टर्जिसची मोटरसायकल रॅली आली की ब्लॅक हिल्सभर नुसता गडगडाट. १९३८ पासूनची ही जत्रा. एका रात्रीच्या साइटचा भाव त्या दिवसांत कुठच्या कुठे गेला, पण आमच्या तासांचा भाव हलला नाही.

खरी गोम कळली ती मला काउंटरवर बसवलं तेव्हा. बुकिंगच्या पडद्यावर आमच्याच रांगेतलं, तशीच जोडणी असलेलं एक महिनेवारी गिऱ्हाईक दिसलं. ते भरत होतं ६५० डॉलर. म्हणजे आमचा तास पावणेचार डॉलरचा! अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. मात्र वर्षात सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या मनोरंजनाच्या ठिकाणांना त्या कायद्यातून सूट मिळू शकते, आणि मालक मंडळींना ही पळवाट तोंडपाठ असते. राज्यांचे नियम वेगवेगळे असतात, तेव्हा जिथे जाणार त्या राज्याच्या कामगार खात्याला आधी फोन करावा.

बोनस होता तासाला एक डॉलर, अट एकच: शेवटच्या तारखेपर्यंत काम. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे होतो आणि गर्दी ओसरते. शेवटची तारीख आठवड्यावर आली असताना मालक म्हणाले, “आता काम फारसं उरलं नाही. तुम्ही निघालात तरी चालेल. ४८ तासांत साइट मोकळी करा.” बोनसचं विचारलं तर कागदावरच्या तारखेवर बोट ठेवलं. नवरा माझा कोपरगावकडचा, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेला. तो म्हणाला, “आमच्याकडे मुकादम उचल देऊन माणूस बांधतो, यांनी देणं अडकवून बांधलं.”

इथे भांडण वाढवणंही अवघड, कारण मालक तोच आणि घरमालकही तोच. नोकरी गेली त्याच दिवशी छप्पर उचलून न्यायचं. म्हणून चार-सहा आठवडे दुसरीकडे भाडं भरून राहता येईल एवढे पैसे बाजूला असल्याशिवाय असं काम धरू नये.

जानेवारीत आणखी एक पाकीट आलं. पगारी तासांचा डब्ल्यू-२, म्हणजे नोकरदाराचा पगार-कराचा फॉर्म, यायला हवा, तर आला १०९९, म्हणजे आम्ही जणू स्वतंत्र कंत्राटदार! वेळा त्यांनी ठरवायच्या, गणवेश त्यांचा, झाडूसुद्धा त्यांचा. १०९९ निमूट स्वीकारला की सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर या पेन्शन-आरोग्यविम्याच्या करांतला मालकाचा वाटाही आपल्याच बोडक्यावर बसतो: ७.६५ ऐवजी १५.३ टक्के. आम्ही नोकरदार की कंत्राटदार हे ठरवून मागणारा एसएस-८ फॉर्म आयआरएसकडे, म्हणजे तिथल्या आयकर खात्याकडे, पाठवला आणि रिटर्नला ८९१९ फॉर्म जोडून फक्त आपला वाटा भरला. तासांची रोजची नोंद मी वहीत ठेवली होती, काउंटरवरच्या हजेरीपत्रकाचे फोटोही काढले होते. ते इथे कामी आले.

आणखी एक, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. साइटच्या बदल्यात केलेलं कामही कामच असतं. भेटीला आलेल्या आई-वडिलांना व्हिजिटर व्हिसावर ‘जरा गेटवर बसा’ असं सांगणाऱ्या मालकाच्या नादी लागू नका. एच-१बी वाल्यांनाही हे चालत नाही.

त्या ऑक्टोबरात आम्ही नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर, रेड रिव्हरच्या खोऱ्यात साखरेच्या बीटच्या काढणीच्या हंगामाला गेलो. बारा तासांची पाळी, हाडं गोठवणारा वारा. पण ताशी दर, जादा तासांचा दर आणि साइटचं भाडं कोण भरणार, हे निघण्याआधी ईमेलमध्ये आलं होतं. ब्लॅक हिल्सचा बोनस अजून आलेला नाही, आणि येणारही नाही.