कोमेरिका पार्क, डेट्रॉइट: ट्रिपल बघायचा असेल तर कुठे बसावं

गेल्या उन्हाळ्यात आप्पा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला आले. वय ७८. तरुणपणी ज्या मैदानावर ते क्रिकेट खेळले तिथे सीमारेषा अशी नव्हतीच. चेंडू ओढ्याकडे गेला की पळत राहायचं, जितक्या होतील तितक्या धावा. त्यामुळे बेसबॉलमध्ये त्यांना होमरनचं, म्हणजे थेट कुंपणापलीकडे मारलेल्या फटक्याचं, फारसं कौतुक वाटलं नाही. "चेंडू बाहेर गेला, मग हा सावकाश चालत का येतोय?" असं त्यांनी विचारलं. ट्रिपल मात्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा हातातल्या शेंगा तशाच ठेवून ते उभे राहिले.

बेसबॉलमध्ये फलंदाज होम प्लेटपाशी उभा राहून मारतो, आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवरचे तीन बेस, म्हणजे थांबे, घेत परत तिथे आला की धाव होते. ट्रिपल म्हणजे एकाच फटक्यावर थेट तिसरा बेस गाठणं. ९० फुटांचे तीन टप्पे, एकूण २७० फूट, आणि मागून चेंडू येतोय. आजकाल तीन-चार सामन्यांत असा एखादाच दिसतो. आम्ही पाच सामने पाहिले, त्यात एक.

तो दिसायची शक्यता ज्या मैदानांवर जास्त, त्यांत डेट्रॉइट टायगर्स या बेसबॉल संघाचं कोमेरिका पार्क नक्की येतं. हे स्टेडियम २००० साली उघडलं तेव्हा होम प्लेटच्या अगदी समोरचं कुंपण ४२० फुटांवर होतं. २०२३ मध्ये ते ४१२ फुटांवर आणलं. तरीही हे अंतर सव्वाशे मीटर होतं, आणि क्रिकेटची सीमारेषा जास्तीत जास्त ८२ मीटर असते. आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानात, दोन खेळाडूंच्या मधून चेंडू निसटला की तो लोळतच राहतो. २००७ मध्ये टायगर्सच्या कर्टिस ग्रँडरसनने एका हंगामात २३ ट्रिपल मारले ते याच संघाकडून, आणि हेच त्याचं घरचं मैदान. कुंपण आत आणलं ते मला अजिबात आवडलेलं नाही. होमरन कुठल्याही मैदानावर मिळतात. इथली मोकळी जागा हेच इथलं वैभव होतं.

आता बसायचं कुठे. बहुतेक जण होम प्लेटच्या मागे, जमेल तितकं खाली तिकीट काढतात. ट्रिपलसाठी ते चुकीचं आहे. तिसऱ्या बेसच्या बाजूला, वरच्या मजल्यावर बसा. चेंडू उजव्या कोपऱ्याकडे जातो, क्षेत्ररक्षक त्याच्यामागे धावतो, फलंदाज दुसरा बेस ओलांडून वळतो, हे सगळं एका नजरेत मावतं आणि फलंदाज शेवटी तिसऱ्या बेसवर घसरत येतो ते अगदी तुमच्यासमोर खाली दिसतं. फक्त दुपारच्या सामन्यात त्या बाजूला ऊन थेट डोळ्यांवर येतं. टोपी विसरू नका. आप्पांसाठी मी पहिल्या बेसकडची सावलीची जागा घेणार होतो, त्यांनी साफ नाही म्हटलं.

पार्किंगबद्दल एवढंच सांगतो: आजूबाजूच्या खासगी जागांमध्ये आधी दर विचारून मगच गाडी आत घाला. एकाने आमच्याकडून पाटीवरच्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले आणि आप्पा ते दिवसभर विसरले नाहीत. आत मात्र लहान मुलांसाठी वाघांचा फिरता पाळणा आहे, चेंडूच्या आकाराच्या पाळण्यांचं मोठं चक्र आहे, आणि सालासकट भाजलेल्या शेंगा मिळतात.

पण खरं बघण्यासारखं आहे ते पुतळ्यांपाशी. टाय कॉब, हँक ग्रीनबर्ग, अल केलाइन असे टायगर्सचे मोठे खेळाडू तिथे उभे आहेत. कॉबचे कारकिर्दीतले ट्रिपल २९५, इतिहासात दुसरा क्रमांक. आप्पांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: "मग पहिला कुठाय?"

पहिला सॅम क्रॉफर्ड. ३०९ ट्रिपल. नेब्रास्कातल्या वाहू गावचा, तरुणपणी न्हाव्याच्या दुकानात काम शिकलेला. १८९९ ते १९०२ सिनसिनाटीकडे, मग १९१७ पर्यंत डेट्रॉइटकडे. ३०९ पैकी २४९ डेट्रॉइटसाठी. तिसऱ्या क्रमांकावरचा होनस वॅग्नर २५२ वर थांबला. दुसऱ्या महायुद्धानंतर खूप खेळलेला स्टॅन म्यूझिअलसुद्धा १७७ पर्यंतच पोचला. जपानच्या लीगमधला विक्रम युताका फुकुमोतोचा, ११५. मैदानं लहान झाली, चेंडू लांब उडायला लागला, होमरनला किंमत आली. ३०९ आता कोणी गाठेल असं मला वाटत नाही.

म्हणजे बेसबॉलमधले ट्रिपलचे पहिले दोघे एकाच संघात, शेजारी शेजारी आउटफिल्डमध्ये खेळले, तेही कित्येक वर्षं. दोघांचं पटत नसे. तरी क्रॉफर्डला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, घ्यावं म्हणून कॉबने गुपचूप पत्रं लिहिली होती, १९५७ मध्ये क्रॉफर्डची निवड झाली, आणि पत्रांची गोष्ट त्याला कॉब गेल्यावर कळली. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

क्रॉफर्डचा पुतळा इथे नाही. भिंतीवर नाव आहे, बस्स. त्या काळी पाठीवर नंबर नसत, त्यामुळे त्याचा नंबर निवृत्त करता (म्हणजे मानार्थ पुन्हा कोणालाच न देता) येत नाही हे समजू शकतो. पण नंबर कॉबलाही नव्हता, तरी त्याचा पुतळा आहे. विक्रम ज्याच्या नावावर त्याला शहराने एवढं द्यायलाच हवं.

जाताना पाच मिनिटं वाट वाकडी करून मिशिगन आणि ट्रम्बुलच्या कोपऱ्यावर जा. क्रॉफर्ड आणि कॉब तिथेच खेळायचे. जुनं टायगर स्टेडियम १९९९ मध्ये बंद झालं, नंतर पाडलं, आता तिथे मुलं खेळतात. झेंड्याचा उंच खांब मात्र तोच आहे, पूर्वी तो खेळाच्या हद्दीतच, होम प्लेटपासून ४४० फुटांवर उभा असे. आप्पा त्या खांबाकडे आणि मग होम प्लेटकडे आळीपाळीने बघत राहिले. "एवढ्या लांबून फेकायचं म्हणजे मध्ये एक माणूस उभा करावाच लागणार," ते म्हणाले, आणि तो नेमका कुठे उभा राहील ते मला बोटाने दाखवायला लागले.