संगीतकाराची माहिती पडताळताना: मृत्युलेख की नोंदवही?

विकिपीडियावरच्या विधानाला दैनिकातला मृत्युलेख जोडला की संदर्भ भक्कम वाटतो. पण २००७ मध्ये ब्रिटिश संगीतकार रॉनी हेझलहर्स्ट वारले, तेव्हा विकिपीडियात कुणीतरी घुसवलेली थाप (म्हणे, एका पॉप गटाच्या गाण्याचे ते सहलेखक!) नामांकित दैनिकांनी जशीच्या तशी छापली. म्हणजे थापेलाच छापील पुरावा मिळाला.

चर्चमधली बाप्तिस्म्याची नोंदवही वाचायला किचकट, पण ती त्या दिवशीच लिहिलेली. जर्मनीतल्या बॉनमध्ये संगीतकार बेथोव्हेनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी झाल्याची नोंद आहे, जन्मतारीख नाही. १६ डिसेंबर हा अंदाजच. गंमत म्हणजे खुद्द बेथोव्हेन स्वतःला १७७२ चा समजे आणि १७७० चा तो बाप्तिस्म्याचा दाखला बालपणीच वारलेल्या, लुडविग याच नावाच्या थोरल्या भावाचा आहे, असे तो म्हणे. तारखेपुरती तरी मी नोंदवहीच धरतो. नोकऱ्या, पुरस्कार वगैरेंना मृत्युलेख चालेल, तोही दुसरा दुजोरा मिळाला तर.