२४ व्होल्टवर २५ व्होल्टचा कपॅसिटर! टीपीए३११६ चिपचा अँप बोर्ड, आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात लावलेला बोर्ड मे महिन्यात बसला. आधी बेस तुटायला लागला, मग पटपट आवाज. उघडलं तर मोठ्या फिल्टर कपॅसिटरचं डोकं पुरीसारखं फुगलेलं. अंगावर काय छापलंय? २५ व्होल्ट, ८५ डिग्री. एसएमपीएस (बोर्डला वीज देणारा पॉवर सप्लाय) २४ चा, त्याचा प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा छोटा स्क्रू) जरासा हलला की मीटर २५.४ दाखवतो. वर परभणीचा मे आणि काच बंद शोकेस. फुगणार नाही तर काय! दुकानदाराचं उत्तर ठरलेलं : चायना मालाला गॅरंटी नसते.

इलाज स्वस्त आहे. १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ डिग्री. नवा जाड असतो, हीटसिंकला टेकत असेल तर आडवा झोपवा. पट्टीची बाजू निगेटिव्ह. एसएमपीएस २२ व्होल्टवर उतरवा. तरीही कंपनीनं २५ चा लावलाच कसा, हा राग काही जात नाही.

कपॅसिटरनं आवाज खुलला असं आधी वाटलं होतं. ते चूक. त्यानं बोर्ड फक्त जगला. आवाज सुधारला तो गेन, म्हणजे अँप सिग्नल किती पट वाढवतो ते, कमी केल्यानं.

बोर्ड येतो ३२ डीबीवर, म्हणजे ४० पट. पीसीएम५१०२ डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालणारा सिग्नल करणारा बोर्ड) २.१ व्होल्ट देतो. २२ व्होल्टच्या सप्लायवर अँप इनपुटच्या ०.४ व्होल्टलाच भरून जातो. म्हणून व्हॉल्यूमचं बटण घड्याळाच्या नऊवर आलं की घर हादरतं. स्वस्त पॉटचा (बटणामागच्या व्हॉल्यूम कंट्रोलचा) तेवढाच भाग सगळ्यात वाईट, डावा-उजवा जुळत नाही आणि गाणारी बाई एका बाजूला सरकते. चिपच्या ८ नंबर पायाजवळचा १०४ (१०० के) लिहिलेला रेझिस्टर काढा, ३९३ (३९ के) च्या जागी ५६२ (५.६ के) लावा. झाले २० डीबी. सुंई आवाज खूप कमी होतो, बटण बारापर्यंत निवांत फिरतं. शिवाय इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) १५ के (किलोओहम) वरून ६० के होतो, त्यामुळे इनपुटचा तोच छोटा कपॅसिटर चौपट खालचा बेस सोडतो. हे काम बारीक टोकाच्या सोल्डरिंगनंच करा. जाड टोकानं बोर्डवरची तांब्याची पट्टी उखडते.

डॅकवर एससीकेचा (क्लॉक सिग्नलच्या पायाचा) टाका ग्राउंडला जोडलेला नसेल तर खरखर येते, तो आधी बघा.

बॉक्सला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग मेलंय. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत राहा.