डीसीतलं स्पाय म्युझियम: गॅजेट्स पटापट बघा, अबोटाबादपाशी थांबा

वॉशिंग्टनला गेलेली आपली मंडळी व्हाइट हाऊससमोर फोटो काढतात, एअर अँड स्पेस बघतात आणि निघतात, कारण स्मिथसोनियनची म्युझियम्स फुकट आणि ह्या स्पाय म्युझियमला तिकीट. पण सीआयएसारखी परदेशात हेरगिरी करणारी संस्था नेमकं करते काय हे बघायचं असेल तर खिशात हात घाला, पैसे वसूल आहेत.

आत शिरताना तुम्हाला एक खोटी ओळख देतात आणि मग जागोजागी स्क्रीनवर कामगिरी पार पाडायची, पोरं त्यातच रमतात, रमू द्या. केजीबीचं (सोव्हिएत हेरखातं) लिपस्टिकमधलं पिस्तूल, बुटाच्या टाचेतला ट्रान्समीटर, कबुतराच्या छातीला बांधायचा कॅमेरा वगैरे भारीच आहे. मी मात्र खिळलो ते एका आइस अ‍ॅक्सपाशी, म्हणजे बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीपाशी. १९४० साली मेक्सिकोत स्टॅलिनचा विरोधक ट्रॉट्स्कीच्या डोक्यात घातलेली तीच ही, स्टॅलिनच्या हेरखात्याचं काम, आणि पात्यावर अजून मारेकऱ्याच्या रक्ताळलेल्या बोटाचा गंजका ठसा. अंगावर काटा येतो राव.

पण सगळ्यात बेस्ट भाग अ‍ॅनालिसिसचा, आणि नेमकी तिथेच गर्दी कमी. पाकिस्तानातल्या अबोटाबादचं ते घर, काही ठिकाणी १८ फुटी भिंत, फोन नाही, इंटरनेट नाही, कचरा आतल्या आत जाळायचा, आणि अंगणात फेऱ्या मारणारा एक माणूस ज्याचा चेहरा काही केल्या दिसत नाही. तोच लादेन का? पुरावे समोर ठेवतात आणि म्हणतात आता ठरव. २०११ ला खुद्द सीआयएच्या अधिकाऱ्यांचंही एकमत नव्हतं, कोणी ४० टक्के म्हणे कोणी ९५, आणि ओबामांना त्यावरच हो की नाही सांगायचं होतं. सीआयएला पोलिसांसारखी अटक करता येत नाही, अंदाज बांधून वर द्यायचा हे तिचं मुख्य काम (छुप्या कारवाया आहेतच म्हणा), आणि तो चुकला की शिव्या तिलाच. पर्ल हार्बरवर जपानने हल्ला केला त्या वेळी माहितीचे तुकडे होते पण जुळवणारं कोणी नव्हतं म्हणून तर १९४७ ला ती काढली. आपल्याकडेही ६२ आणि ६५ च्या युद्धांचे चटके बसल्यावरच १९६८ ला रॉ ही आपली परदेशातली हेरसंस्था आली, पहिले प्रमुख काव साहेबांच्या हाताखाली.

अगदी लहान पोरं बरोबर असतील तर छळाच्या पद्धतींचा भाग टाळा, वॉटरबोर्डिंग (तोंडावर पाणी ओतून गुदमरवणं) वगैरे आहे तिथे. मेट्रोने लाँफाँ प्लाझाला उतरा, तिथून चालत जवळच. तीन तास तरी हाताशी ठेवा.