बाणेरचा फ्लॅट, भाडं सांभाळणारी सेवा आणि त्यांचा परतावा अहवाल

भाडेकरू शोधण्यापासून गिझर दुरुस्त करून घेण्यापर्यंत सगळं बघणाऱ्या सेवा पुण्यात आता बऱ्याच आहेत. त्यातल्या एकीकडे माझा बाणेरचा टू बीएचके दिलेला आहे. कामाबद्दल चार तारे. त्यांच्या ‘परतावा अहवाला’बद्दल मात्र दोनच, आणि त्यावरच जरा सविस्तर लिहिते, कारण हा अहवाल हातात धरून लोक आयुष्याची पुंजी गुंतवतात.

आधी चांगलं. भाडेकरू नोकरदार कुटुंब, पोलीस पडताळणी झालेली. लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन नोंदवला, अंगठे घ्यायला माणूस घरी आला. मुद्रांक शुल्क किती आणि का, तेही नीट समजावलं: करारभराचं भाडं अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. ताबा देताना पंखे, नळ, ट्रॉल्या यांचे फोटो काढून यादीवर दोघांच्या सह्या घेतल्या. यामुळे पुढची भांडणं वाचतात.

आता अहवाल. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत वर्षाचा परतावा ३.७३ टक्के. म्हणजे महिना २८,००० प्रमाणे वर्षाचं ३,३६,००० भाडं, भागिले घराची किंमत ९० लाख. पण माझे ९० लाख गेलेलेच नाहीत, ९९ लाख गेलेत! बाईच्या नावावर घेतल्यामुळे मुद्रांक शुल्क ७ऐवजी ६ टक्के, तरी ५,४०,००० झाले. नोंदणीचे ३०,०००. ट्रॉल्या, जाळ्या, गिझर, रंग मिळून ३,३०,०००. भागायचं ते या सगळ्या रकमेनं.

आणि वर भाडं तरी पूर्ण कुठे हातात येतं? भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं धरावंच लागतं: २८,०००. सोसायटीचा मेंटेनन्स ४२,०००. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते शुल्क, ३,०००; सोसायटीला ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत, हे ओनर मंडळींनी लक्षात ठेवावं. या सेवेची फी ११ महिन्यांची २२,०००. रंग-प्लंबिंगसाठी वर्षाला सरासरी १५,०००.

सगळ्यात खटकला तो मिळकतकर. अहवालात आकडा घेतला आधीच्या मालकाच्या बिलातून, आणि ते स्वतः तिथे राहत होते. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, भाडेकरू ठेवला की ती जाते. माझं बिल १८,००० धरायला हवं. पुण्यात भाड्याच्या घरांचा धंदा करणाऱ्याला हे ठाऊक नसणं मला पटत नाही.

एकूण खर्च १,२८,०००. उरले २,०८,०००. ९९ लाखांवर जेमतेम २.१ टक्के, तेही आयकराआधी. आयकराचा भाग त्यांनी अचूक मांडलाय: भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा, मग उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट, आणि मेंटेनन्सची वेगळी वजावट नाही.

शेवटच्या पानावर घराची किंमत दरवर्षी ८ टक्के वाढेल असं गृहीत धरून ती वाढ भाड्यात मिळवली आहे आणि एकूण ११.७३ टक्के दाखवले आहेत. ही वाढ कशावरून धरली, याचा उल्लेख नाही. किंमत वाढेलही, पण ती घर विकल्यावर हातात येणार. निवृत्तीनंतर महिन्याचा खर्च भागवायला घर घेणाऱ्याला या दोन आकड्यांची बेरीज दाखवणं चुकीचं आहे. मी कर्ज विभागात नोकरी केली. असा तक्ता घेऊन कोणी आलं असतं तर मी तो परत पाठवला असता.

हे सगळं त्यांना लेखी कळवलं. त्यांनी रिकाम्या महिन्याचा आणि मिळकतकराचा रकाना दुरुस्त करून नवा अहवाल पाठवला. ८ टक्के तसेच आहेत. घर आधीच घेतलेलं असेल आणि तुम्ही परगावी असाल, तर ही सेवा जरूर घ्या. घर घ्यायचं की नाही हे ठरवायचं असेल, तर अहवालाचे २,५०० रुपये देऊ नका. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन मेंटेनन्सची पावती बघा, त्याच इमारतीतल्या भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं मिळकतकराचं बिल मागा, आणि वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करा.